सुभेदारांच्या शेजारी कोण?

आमच्या घरात भिंतीवर माणसांचे फोटो लावत नाहीत. ज्या खोलीत नमाज पढायची तिथे तसबीर नको, हा जुना रिवाज. आणि दोन खोल्यांच्या घरात दोन्ही खोल्यांत नमाज पढली जाते. त्यामुळे आमच्या खानदानातला सर्वांत जुना फोटो सव्वाशेहून जास्त वर्षं पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून राहिला. ईदच्या आधी पेटी उघडायची, अत्तराच्या कुप्या, दोन जुने कागद आणि हा फोटो उन्हाला न लागू देता पाहायचा आणि परत ठेवायचा. भिंतीवर असता तर केव्हाच उडून गेला असता. रिवाजाने फोटो वाचवला, असं मी गमतीने म्हणतो.

फोटोत चार माणसं आहेत. लाकडी खुर्चीवर लष्करी कोटातला एक दाढीवाला माणूस, छातीवर तीन पदकं. हे माझे खापरपणजोबा. घरात सगळे त्यांना 'सुभेदार' म्हणतात. शेजारी काळ्या साडीतली एक स्त्री, पदर डोक्यावरून घेतलेला, चेहरा उघडा, नजर थेट कॅमेऱ्याकडे. तिच्या मांडीवर एक तान्ही मुलगी. पुढे जरीच्या टोपीतला पाचेक वर्षांचा मुलगा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर विलायती बागेतला कठडा आणि झाडं. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाने असली बाग जन्मात पाहिली नसेल.

या फोटोवरून आमच्या दोन घरांत तीन पिढ्या धुसफूस आहे. सुभेदारांची दोन लग्नं झाली. पहिली बायको आणि तिची लहान मुलगी पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेल्या. मुलगा वाचला, त्याचा वंश आज मिरजेला आहे. सुभेदार पेन्शनीवर गावी आल्यावर त्यांनी दुसरा निकाह केला, त्या बायकोची आम्ही औलाद. इथपर्यंत दोन्ही घरांत एकमत. फोटोतली बाई कोणती, यावर मात्र नाही. मिरजेचे चच्चा सांगत आले की ती त्यांची. आमच्याकडे फोटो होता, म्हणून ती आमची. सांभाळणाऱ्याचा फोटो, असा सरळ हिशेब. माझी फुफी, वय ऐंशीच्या वर, या फोटोची राखणदार. मी एकदा विचारलं, "फुफी, ही नक्की कोण?" तर म्हणाली, "सुबेदार की जोरू हैं वो. और कौन रहेंगी?"

उत्तर अगदी बरोबर होतं. पण कुठली जोरू?

चच्चांना गेल्या वर्षी हृदयाचा त्रास झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, "बेटा, फोटो नको. नुसतं खरं काय ते सांग. मला कळू दे, मी कुणासाठी फातिहा पढतो तिचा चेहरा कसा होता." हे ऐकल्यावर मी फोटो हातात घेतला.

जुन्या फोटोची तारीख कशी काढायची यावर इंग्रजीत भरपूर पुस्तकं आहेत, कारण व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असा फोटो तिकडे घरोघरी सापडतो. त्यांची पद्धत मुख्यतः बायकांच्या कपड्यांवर उभी आहे. १८६० च्या आसपास घेरदार, पिंजऱ्यासारखे झगे. १८७० च्या दशकात आणि पुन्हा १८८० च्या मध्यावर मागे उंचवटा. १८९५ च्या सुमारास खांद्यावर फुग्यासारख्या बाह्या. बाहीवरून दोन-तीन वर्षांच्या आत तारीख सांगतात. आमच्या खापरपणजीला यातलं काही लागू होत नाही. नऊवारी तिच्या आईने नेसली तशी तिने नेसली आणि तिच्या सुनेनेही तशीच. शहरातल्या शिकलेल्या घरांत पोलक्याच्या बाह्यांवर विलायती वारं लागलं होतं, पण हिची बाही साधी, कोपरापर्यंत घट्ट. कपडे गप्प बसले. मग कागदाला विचारलं.

कागद आणि पुठ्ठा बरंच बोलतात. फोटो एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच. याला कॅबिनेट कार्ड म्हणत. त्याआधी अडीच इंच बाय चार इंचाची छोटी कार्डं चालत. डिस्देरी नावाच्या फ्रेंच माणसाने १८५४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं आणि १८६० नंतर ती इतकी खपली की लोक राणीचा फोटो विकत आणून आपल्या आल्बममध्ये लावायचे. मोठं कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास आलं. सुरुवातीचे पुठ्ठे पातळ आणि कोपरे काटकोनात. पुढे कोपरे गोल झाले, पुठ्ठा जाड झाला, आणि १८८० च्या दशकात कडा तिरक्या कापून त्यांना सोनेरी मुलामा देऊ लागले. आमच्या फोटोचे कोपरे गोल आहेत आणि एका कडेला सोनेरी रेघ अजून चमकते. पुठ्ठ्याच्या मागे वेलबुट्टीत स्टुडिओचं नाव छापलेलं होतं. ते कसरीने खाल्लं. 'पूना' एवढंच उरलं आहे.

फोटोचा कागद पातळ, तपकिरी-जांभळट, उजळ जागी पिवळा पडलेला. भिंगातून पाहिलं तर कागदाचे तंतू दिसतात आणि वर बारीक भेगांचं जाळं. हा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन त्यावर चांदीचं मीठ चढवलेला. १८५० पासून पुढची चाळीसेक वर्षं जगातले बहुतेक फोटो या अंड्यावर छापले गेले. १८९० च्या दशकात तो मागे पडला आणि जिलेटिनचे गुळगुळीत कागद आले.

म्हणजे ढोबळमानाने १८८० ते १८९५. पण इथे एक फसवी जागा असते. त्या काळी जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढून नव्या पुठ्ठ्यावर लावून देत. माणूस मेल्यावर तर फार. तेव्हा पुठ्ठा १८८५ चा आणि चेहरा १८६५ चा असं होऊ शकतं. अशा नकलेत बारकावे विरघळतात, काळं-पांढरं ठळक होतं, कधी मूळ कार्डाची कड किंवा टाचणीचं डोकं दिसतं. मी फोटो मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन केला. मुलाच्या टोपीच्या जरीतला टाका न टाका मोजता येतो. खुर्चीच्या वेतात एक दोरा तुटलेला दिसतो. ही नक्कल नव्हे.

आता पंधरा वर्षांची मुदत आमच्या भांडणाला पुरेशी नव्हती. पहिली बायको आणि दुसरी बायको दोघी त्यात बसतात. तेव्हा पदकांकडे वळलो, आणि इथे मला सर्वांत जास्त मजा आली.

घरातली कहाणी अशी: सुभेदार काबूल-कंदहारला लढले आणि तिथल्या अमीराने खूश होऊन त्यांना 'चांद-ताऱ्याचा बिल्ला' दिला. बिल्ले आज कुठेच नाहीत. चांदीची दोन एका लग्नात आटवली, तारा कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. पण फोटोत तिन्ही आहेत. दोन गोल, आणि तिसरा पाच टोकांचा तारा. तारा ज्या पट्टीला लटकतो तिच्यावर, स्कॅन मोठं केल्यावर, चंद्रकोर स्पष्ट दिसते.

त्या काळात हिंदी शिपायाला मिळू शकणारे पितळी-काळपट, पाच टोकांचे तारे दोन होते. दिसायला सख्खे भाऊ, दोन्ही बर्मिंगहॅमला घडलेले. एक 'काबूल ते कंदहार' तारा. जनरल रॉबर्ट्सने ९ ऑगस्ट १८८० ला काबूल सोडलं आणि ३१ ऑगस्टला कंदहार गाठलं, त्या कूचात जे चालले त्यांना तो मिळाला. पकडलेल्या तोफांच्या धातूतून तो ओतला होता. दुसरा इजिप्तच्या खेदिवाचा तारा. १८८२ मध्ये इंग्रजांनी अराबी पाशाचं बंड मोडून खेदिव तौफीकला गादीवर टिकवलं, त्याच्या बदल्यात त्याने इंग्रजी फौजेला हा तारा दिला आणि पुढच्या सुदानच्या लढायांतही तो दिला जात राहिला. मध्ये स्फिंक्स आणि पिरॅमिड. ओळखायची खूण वरच्या टोकाला आहे: काबूलचा तारा मुकुटाला लटकतो, खेदिवाचा तारा चंद्रकोर असलेल्या पट्टीला.

आमच्या सुभेदारांच्या छातीवर मुकुट नाही, चंद्रकोर आहे.

म्हणजे घरातल्यांनी चांद-तारा पाहिला आणि तो मुसलमान राजाने दिला असणार हे ओळखलं. ते खरंच होतं. फक्त राजा काबूलचा नव्हता, कैरोचा होता. आणि सुभेदार कंदहारला नव्हतेच असंही नाही. घरात एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, 'अठ्ठावीसची पलटण'. मुंबई इलाख्याची २८ नंबरची पलटण १८८० च्या ऑगस्टमध्ये कंदहारात वेढ्यात अडकली होती. १६ ऑगस्टला तटाबाहेर दे खोजा गावावर धाव घेऊन ती मार खाऊन परतली. रॉबर्ट्सची फौज आली ती त्यांना सोडवायला. तारा सोडवायला आलेल्यांना मिळाला, आत तीन आठवडे भुकेले बसलेल्यांना नुसतं अफगाण युद्धाचं पदक. फोटोत पहिलं गोल पदक तेच असावं. मग हीच पलटण १८८५ मध्ये लाल समुद्रावरच्या सुआकिन बंदरात उतरली आणि २२ मार्चला तोफ्रेकच्या लढाईत होती. काटेरी झुडपांचं कुंपण घालण्याचं काम चालू असताना उस्मान दिग्नाच्या लोकांनी त्यांच्यावर झडप घातली. दुसरं पदक आणि तारा तिथले.

याला पुरावा फितींचाही आहे. त्या वेळच्या साध्या काचेच्या प्लेटला निळा रंग पांढऱ्यासारखा दिसे, आणि लाल, पिवळा, हिरवा काळपट. अफगाण पदकाची फीत हिरवी, कडेला लाल. फोटोत पहिली फीत काळीकुट्ट आहे. इजिप्तच्या पदकाची फीत निळे-पांढरे पट्टे. फोटोत दुसरी फीत कोऱ्या कापडासारखी फिकी. सगळं जुळतं.

जाता जाता, या एका गोष्टीने आमच्या घरातल्या दोन दंतकथा गेल्या. बाईची साडी काळी, म्हणून फोटो मुहर्रमात काढला असं सांगायचे. साडी बहुधा लाल किंवा हिरवी असणार. त्या प्लेटवर तीही काळीच यायची. आणि 'सुभेदार फार काळे होते' हेही. आपल्याकडच्या सगळ्याच गव्हाळ माणसांना त्या कॅमेऱ्याने दोन छटा काळं केलं आहे.

खरं सांगायचं तर चांद-ताऱ्याचा उलगडा झाल्यावर मी दोन दिवस फोटो बाजूला ठेवला. उस्मान दिग्नाचे लोकही कलमा पढणारे. त्या काटेरी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना 'अल्ला'चं नाव घेतलं गेलं असणार, आणि आतल्या बाजूला पगारावर उभा असलेला माणूस माझा. चंद्रकोर बघून घरातल्यांना शंभर वर्षं अभिमान वाटला, ती अशी आली होती. मला त्यांचा राग येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसाला पलटणीचा पगार म्हणजे काय, ते मला समजतं. पण तो बिल्ला हरवला याचं आता वाईट वाटत नाही.

असो. फोटो १८८५ नंतरचा हे ठरलं. पदकं तयार होऊन हातात पडेपर्यंतचा वेळ धरा, म्हणजे १८८६ च्या आधीचा नसावा. वरची हद्द पेटीतल्याच कागदाने दिली. पेन्शनीचा इंग्रजी कागद अब्बांनी जपून ठेवला होता. त्यात दोन तारखा आहेत: १८८९ मध्ये जमादार, १८९१ मध्ये पेन्शन. (सुभेदार ते कधीच झाले नाहीत. ती बढती आम्ही घरच्या घरी दिली.) फोटोत त्यांच्या बाहीवर तीन पट्ट्या स्वच्छ दिसतात. तीन पट्ट्या हवालदाराच्या. जमादार झाल्यावर त्या उतरतात आणि तलवार येते. बढती मिळालेला माणूस फोटोसाठी जुन्या पट्ट्या लावून बसत नाही. तेव्हा फोटो १८८९ च्या आधीचा किंवा फार तर त्याच वर्षाचा.

दुसरा निकाह पेन्शनीनंतरचा, म्हणजे १८९१ नंतर. माझे पणजोबा, दुसऱ्या बायकोचे पहिले चिरंजीव, त्यांच्या नोकरीच्या कागदावर जन्मसाल १८९३ आहे. फोटोतला पाच वर्षांचा मुलगा ते असूच शकत नाहीत. मुलगा मिरजेचा. मांडीवरची मुलगी पटकीत गेली ती. बाई पहिली.

त्या मुलीबद्दल एक सांगायला हवं. प्रकाश पुरेसा मिळावा म्हणून काही क्षण स्थिर बसावं लागे. मोठ्यांच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. सुभेदारांच्या खुर्चीमागे त्याचा पाय दिसतो. तान्ह्या मुलाला टेकू लावता येत नाही. तिने त्या क्षणी मान वळवली आहे. आईची बोटं तिच्या पोटावर घट्ट आहेत, झबल्याची किनार नीट आहे, आणि चेहऱ्याच्या जागी एक पांढरी हालचाल.

एका मुसलमान हवालदाराची बायको पुण्यात स्टुडिओत जाऊन परक्या पुरुषासमोर चेहरा उघडा ठेवून बसली, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. परद्यातल्या स्त्रियांसाठी लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला तो १८९२ मध्ये, आणि तो बड्या घरांसाठी. हवालदाराच्या बायकोला कसला जनाना. ती शेतात जाणारी, विहिरीवर जाणारी बाई. तिच्यासारखीने डोक्यावर पदर घेतला की झाला परदा. समुद्रापलीकडून नवरा जिवंत परत आला होता, एवढं कारण तिला पुरलं असेल.

मिरजेला फोन केला तेव्हा चच्चा काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी फोन मुलाकडे दिला. फुफीला सांगणं अवघड होतं. मी तिला पट्ट्या दाखवल्या, कागद वाचून दाखवला, चंद्रकोर मोठी करून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाक तो हमारा है." चेहऱ्यातलं साम्य हा जुने फोटो ओळखण्यातला सर्वांत कच्चा पुरावा. ज्याला जे नाक हवं ते त्याला सापडतं. कान बघावेत म्हणतात, माणसाच्या कानाची घडण बदलत नाही. पण कान पदराखाली आहेत. मी काही बोललो नाही.

फुफीने दुसऱ्या बायकोला, आमच्या खऱ्या खापरपणजीला, पाहिलेलं आहे. ती गेली तेव्हा फुफी आठ वर्षांची होती. पण आजवर तिच्याबद्दल विचारलं की फुफी फोटोतल्या बाईचंच वर्णन करायची. थेट बघणारी, ताठ बसणारी. त्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "बडी दादी के मूँ पे चेचक के दागां थे रे."

मी विचारलं, हे आधी कधी का नाही सांगितलंस?

"मला वाटायचं फोटोवाल्याने पुसले," ती म्हणाली. हेही खोटं नाही. काचेवर बारीक पेन्सिल चालवून देवीचे व्रण बुजवणारे कारागीर त्या काळी स्टुडिओत असत.

मग ती बोलत राहिली. बडी दादीच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, म्हणून ती माणसाकडे मान तिरकी करून बघायची. बुटकी होती. तंबाखूची मिसरी लावायची आणि मुलांनी पाहिलं की पदराने तोंड पुसायची. दारात बसून चिंचोके फोडायची आणि फोडताना सावत्र मुलाच्या, म्हणजे मिरजेच्या त्या मुलाच्या, खोड्या सांगायची. त्याला तिनेच वाढवलं होतं. हे आमच्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होतो. फुफी ते सांगताना पेटीकडे एकदाही बघत नव्हती. फोटो मी कोऱ्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात घातला, स्कॅनच्या दोन प्रती काढायला दिल्या, आणि रविवारी तिला विचारून मिरजेची गाडी पकडली.